राजपुऱ्यांच्या जाळात उघडणारं दार

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस पुढं घर घेताना फसतो. तरी सांगतो. आमच्या खोलीची मागची भिंत आता आमच्या खोलीत नाही. ती गल्ली ओलांडून राजपुऱ्यांच्या फायरप्लेसच्या पाठीला जाऊन लागली आहे. कोणी ओढून नेली नाही. मीच पाठवली, स्वतःच्या हातानं, सुतार न लावता.

"भिंत कशी जाईल तात्या?" सादिक म्हणाला. सादिकची चहाची गाडी बरोबर माझ्या पायरीसमोर लागते, त्यामुळं माझं सगळं पहिल्यांदा त्यालाच ऐकावं लागतं.

"दाराच्या मागोमाग गेली. चहा दे."

मी पाचगणीचा. भैरू कासुर्डे. जन्मभर पॉइंटवर गाईडचं काम केलं. दरी दाखवायची आणि दरीत नसलेलं सांगायचं. एकाच कड्यावरून मी एका साहेबाची टोपी खाली पाडली, ती वाऱ्यानं वर आणून त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि टोपीत पोपटाचं अंडं निघालं. लोक दरी विसरून जायचे, अंडं घरी न्यायचे. तेव्हा थापा मारणं हा माझा धंदा होता हे आधीच मान्य. पण मिठाईवाला घरी मिठाई खात नाही. घरातलं मी जसं झालं तसंच सांगतो.

सुरुवात दिगंबर राजपुऱ्यांपासून. मूळचे इथलेच, उमेद मुंबईत खर्च करून परत आले. बायको वारलेली. गल्लीच्या पलीकडचा दगडी बंगला त्यांनी घेतला, पूर्वी तिथं एक पारशीण राहायची. बंगल्याबरोबर फायरप्लेस आली. आमच्याकडं थंडी पडते म्हणजे काय पडते ते तुम्हाला माहीत असेल. आम्ही घमेल्यात निखारे घेऊन बसतो आणि डोळे चोळतो. राजपुऱ्यांच्या जाळाचा धूर मात्र शिकलेल्या माणसासारखा गुपचूप वर निघून जायचा. जाळाभोवती लाकडी चौकट. दोन बाजूंना दोन खांब, वर जाड फळी. फळीवर चावीचं घड्याळ, पितळी मोर, बायकोचा फोटो आणि पेपरमिंटची बरणी.

"याला मँटलपीस म्हणतात, वहिनी," त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या हौसाला सांगितलं.

हौसा म्हणजे माझी बायको. तिनं तो शब्द घरी आणला, शेजाऱ्याची वाटी आणावी तसा. वाटी माणूस परत तरी करतो.

आधी आम्ही दोघं जायचो. मग राजपुरे मला खिडकीच्या फटीसमोर बसवायला लागले. "तुम्ही काय, कड्यावरचा माणूस. तुम्हाला वारा लागत नाही." मी जायचं सोडलं. हौसानं सोडलं नाही. संध्याकाळ झाली की लोकरीची पिशवी उचलायची आणि म्हणायची, "आले हां, जरा हात शेकून."

परत आली की तिचा एक गाल लाल असायचा. जाळाकडचा. कुठला गाल लाल आहे त्यावरून ती कुठल्या खुर्चीत बसली होती ते मला कळायचं. आधी उजवा असायचा. उजवा म्हणजे पेपरमिंटच्या बरणीजवळची खुर्ची. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. पण संक्रांतीच्या सुमाराला डावा गाल लाल व्हायला लागला.

"डावा म्हणजे?" सादिकनं विचारलं.

"राजपुऱ्यांच्या शेजारची खुर्ची."

"ती मऊ असंल."

"मऊच आहे. मी बसून बघितली आहे."

मी विचार केला. जाळ काय, जाळ घमेल्यातही असतो. तिला ओढ आहे ती चौकटीची. चौकटीत काहीही बसवा, माणूस बघत राहतो. पॉइंटवर कठड्याला दोन खांब लावले तर लोक तिथूनच दरी बघतात. आपण चौकट करू. चौकट झाली की जाळ आपोआप येईल, नवीन घर झालं की पाल येते तसा.

हौसा बाजारात गेलेली बघून मी एका सकाळी राजपुऱ्यांकडं गेलो. खिशात सुतळी. ते कॉफी करायला आत गेले तेवढ्यात मी मापं घेतली. उंचीची एक गाठ, रुंदीची एक, फळी पुढं किती येते त्याची एक. टेप नेला असता तर आकडे आले असते आणि आकडे कुणाचेही असतात. सुतळीत माप त्यांचं ते त्यांचंच राहिलं. ही चूक मला फार उशिरा कळली. राजपुरे कॉफी घेऊन आले तेव्हा मी दोन्ही हात पसरून त्यांच्या फळीला छाती लावून उभा होतो.

"काय हो कासुर्डे?"

"मिठी मारतोय."

"कुणाला?"

"आवडलं मला," मी म्हणालो. त्यांनी साखर जास्त घातली होती. हौसा साखर जास्त घेते.

लाकूड सिल्व्हर ओकचं. शाळेच्या रस्त्यावरचं झाड वाऱ्यानं पडलं होतं, त्याच्या फळ्या वखारीतून आणल्या. त्या लाकडाला रंधा मारला की आतून माशाचे खवले निघाल्यासारखी नक्षी दिसते. मी पुढच्या ओट्यावर काम मांडलं. करवत, पटाशी, गुण्या, सगळं उसनं. खांब सरळ झाले. कोपरे गुण्याच्या काटकोनात बसले. राजपुऱ्यांच्या चौकटीवर द्राक्षं कोरलेली आहेत, म्हणून मी स्ट्रॉबेऱ्या कोरल्या. त्या मिरच्या झाल्या. मिरच्यांना पानं काढली, मग त्या जास्तच मिरच्या झाल्या.

हौसा जाता-येता बघायची. काही विचारायची नाही. चहा ठेवायची, भुसा झाडायची, एकदा माझ्या कपाळावरचा भुसा पदरानं पुसला. असं तिनं मुलांची लग्नं झाल्यावर केलं नव्हतं. मी त्या दिवशी मुद्दाम आणखी भुसा पाडला.

मागच्या भिंतीला स्क्रूसाठी लाकडी गिट्ट्या ठोकल्या, आडवी पट्टी मारायची खूण केली. पाणसळ लावली तर तिचा बुडबुडा मध्ये थांबेना. सारखा गल्लीकडं सरकायचा, राजपुऱ्यांच्या बाजूला. तिकडं उतार नाही. मी पाणसळ उलटी धरली तरी बुडबुडा वळून तिकडंच गेला. मी म्हटलं जाऊ दे, तुलापण मऊ खुर्ची पाहिजे. डोळ्यानं खूण केली, चौकट भिंतीला टेकवून उभी केली आणि स्क्रू आणायला बाजारात गेलो.

परत आलो तर चौकटीची पूजा झालेली.

आता हे तुम्हाला कळायला हवं. लग्न होऊन आली तेव्हापासून हौसाला मागचं दार पाहिजे होतं. आमची खोली एकच मोठी, दार एकच, रस्त्यावर. न्हाणीघरातले ओले कपडे बादलीत घेऊन पाहुण्यांच्या पायांवर थेंब पाडत पुढून जायचं, घराला वळसा घालायचा आणि मागच्या पेरूखाली वाळत टाकायचे. "मागं एक दार असतं तर," ती म्हणायची. दर उन्हाळ्यात म्हणायची. मी दर उन्हाळ्यात हो म्हणायचो. आणि आता मागच्या भिंतीला दोन खांब आणि वर आडवं लाकूड असं बघितल्यावर कुठली बाई काय समजेल? छातीएवढीच उंची का, असंही तिनं मनात आणलं नाही. म्हणाली, वाकून गेलं की घराची मर्यादा राहते.

दार बसवताना चौकट पुजतात. तिनं खांबांना हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. वर आंब्याची डहाळी लावली होती. पिवळ्या फडक्यात सुपारी बांधून मधोमध अडकवली होती. नारळ फोडून खोबरं गल्लीत वाटून झालं होतं.

"मला वाटायचं, तुम्ही माझं कायबी ऐकत नाही," ती म्हणाली. "ऐकत होता की."

तिचे डोळे भरले होते. माझ्या हातात स्क्रूची पुडी. आता सांगा, अशा वेळी मँटलपीस हा शब्द कुणाच्या तोंडातून निघेल?

"म्हटलं, एकदम दाखवू," मी म्हणालो.

दारात राजपुरे उभे होते, खोबरं चावत. "उत्तम दार झालंय हो. मिरच्याही झकास."

पूजा झालेली चौकट ही चौकटच. दिलेला शब्द फिरवता येतो, सांगितलेली थाप फिरवता येते, मी कितीदा फिरवली आहे. लावलेलं कुंकू फिरवता येत नाही. मी गुपचूप स्क्रू मारले. चौकट भिंतीला घट्ट बसली. संध्याकाळी हौसानं ओल्या कपड्यांची बादली उचलली, वाकली, चौकटीतल्या चुन्याच्या भिंतीला तळहात टेकवला आणि ढकललं. भिंत उघडली. दार उघडतं तशीच, किंचित कुरकुरत.

"बिजागऱ्या कुणी लावल्या?" सादिक म्हणाला.

"मीही तिला तेच विचारलं."

"मग?"

"म्हणाली, दाराला असतातच."

पलीकडं पेरू असायला पाहिजे होता. पेरू नव्हता. एक बोळ होता. आमच्याच खोलीसारखा चुना, आमचीच शहाबादी फरशी, फक्त कोमट. बोळाच्या टोकाला तांबूस उजेड. राजपुऱ्यांचं घर आमच्या पुढच्या बाजूला आहे आणि दार मागच्या, तरी बोळ त्यांच्याकडंच निघाला. मापं त्यांची होती, तर तो दुसरीकडं कुठं जाणार?

हौसानं आत दोरी बांधली आणि कपडे टाकले. शेवटचं लुगडं टाकून होईपर्यंत पहिलं वाळलं होतं. तिनं त्याचा वास घेतला. मग उजेडाकडं बघितलं.

"आले हां, जरा बघून," ती म्हणाली, आणि लोकरीची पिशवी घेतली. नुसतं बघायला जाणाऱ्या बाईला लोकर कशाला लागते, असं मी विचारलं नाही.

थोड्या वेळानं मी मागोमाग गेलो. बोळ तेव्हा आखूड होता, विडी पेटवेपर्यंत संपला. टोकाला जाळ होता. मी जाळाच्या पाठीमागं उभा होतो आणि जाळातून मला राजपुऱ्यांची खोली दिसत होती. हौसा मऊ खुर्चीत बसली होती. ती जाळातून कशी गेली ते मला माहीत नाही. तिच्या लुगड्याच्या काठालासुद्धा राख नव्हती. मी पाय पुढं टाकला, तो मागंच पडला. पूजा तिनं केली होती, मी केली नव्हती.

राजपुरे तिला गोष्ट सांगत होते. एका साहेबाची टोपी दरीत पडते. वाऱ्यानं वर येते. टोपीत अंडं असतं.

माझं अंडं!

आणि हौसा हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मी हीच गोष्ट घरात सांगायला लागलो की ती म्हणायची, "पुरे आता, ताट घ्या." मी जाळामागून ओरडलो, "ती गोष्ट माझी आहे!" त्यांच्या खोलीत नुसतं लाकूड तडतडलं.

"ओलं दिसतंय," राजपुरे म्हणाले. त्यांनी लोखंडी सळई घेतली आणि माझ्या बरगडीत खुपसून हलवली. "आता बघा वहिनी, कसं पेटतं."

मी पेटलो असणार. कारण हौसानं दोन्ही हात माझ्याकडं पसरले आणि म्हणाली, "आता कशी ऊब आली बघा."

इतक्या मायेनं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. आणि तिला मी दिसत नव्हतो.

घरी आलो. शर्टाला भोक, भोवती काळी कडा. दिवाणावर बसायला गेलो तर दिवाणाचा एक पाय चौकटीच्या पलीकडं, बोळात. दिवाण हलला नव्हता. खोली आखडली होती. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळामागं जाऊन उभा राहिलो. बोळ जरा लांब वाटला. परत आलो तर कपाट बोळात गेलं होतं. मग समजलं. मी जितका वेळ तिथं उभा राहून बघायचो, तितका बोळ वाढायचा, आणि वाढायला लागणारी जागा आमच्या खोलीतून घ्यायचा. दुसरीकडून कुठून घेणार?

"मग बघायचं बंद करायचं," सादिक म्हणाला.

"तुझी बायको असती तर?"

सादिकनं गाळणी आपटली. "माझी बायको शेकायला माहेरी जाते."

"माहेर आहे तिला. नशीबवान आहेस."

मी उपाय केले नाहीत असं नाही. स्क्रू काढायला बसलो. पेचकस फिरवला, स्क्रू बाहेर यायला लागला आणि येतच राहिला. स्क्रूला शेवट नव्हता. पुडीत तो बोटाच्या पेराएवढा होता; आता त्याचा ढीग मांडीएवढा झाला. मी उलटा फिरवून परत आत घातला, त्यालाच दुपार गेली. मग दाराला आमच्या बाजूनं कडी लावली. हौसा संध्याकाळी आली ती बोळातूनच म्हणाली, "कडी बाहेरून का लावली?"

"आतून लावली आहे," मी म्हणालो.

"तुम्ही आत आहात?"

"घरात आहे."

"आत म्हणजे जिथं ऊब असते ती बाजू," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर आहात. काढा."

मी काढली. तिनं माझ्याकडं बघितलं, आखडलेल्या खोलीकडं बघितलं. मला वाटलं आता रडेल. "झाडायला कमी झालं," ती म्हणाली.

बोळ लांबत गेला तशी ती उशिरा यायला लागली. मग डबा घेऊन जायला लागली, वाटेत भूक लागते म्हणून. मग एक स्टूल नेलं, वाटेत पाय दुखतात म्हणून. मग स्टोव्ह नेला. कपाट आणि दिवाण तिला वाटेवर मिळालेच होते. एक दिवस मी बघायला निघालो तर जाळापर्यंत पोचलोच नाही. वाटेत, ना आमच्याकडं ना तिकडं, हौसानं संसार मांडला होता. दोरीवर कपडे. दिवाणावर गोधडी. तिच्या समोरून जाळाचा उजेड येत होता आणि ती विणत बसली होती. मी पुढं जाऊन बघितलं, दोन्ही गाल गुलाबी होते. ती गाणं म्हणत होती. मला माहीत नव्हतं तिला गाणं येतं.

"हौसा," मी म्हणालो, "राजपुऱ्यांकडं जात नाहीस?"

"नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला टेकलो. "मग घरी चल."

तिनं टाके मोजत मोजत सुई पुढं नेली. "इथं कसं बरं आहे," ती म्हणाली.

"कुणाबरोबर?"

"म्हणजे?"

"बरं आहे म्हणतेस, ते कुणाबरोबर?"

"अहो," ती म्हणाली, "जरा उजेडातनं सरका."

मी सरकलो. आणि मला तो बोळ राजपुऱ्यांपेक्षा जास्त खुपला. राजपुऱ्यांना नाक आहे, तोंड आहे, त्यांच्या गुडघ्यात वात आहे. बोळाला काहीच नव्हतं आणि ती त्याच्यात बसून गात होती. आणि तो मीच केला होता. त्यांच्या मापानं, माझ्या लाकडानं.

दुसऱ्या दिवशी राजपुरे गल्ली ओलांडून माझ्या पायरीवर आले. दाढी वाढलेली. कॉफीचा वास नव्हता.

"वहिनी येत नाहीत," ते म्हणाले.

"माझ्याकडंही येत नाही."

"तुम्ही अडवलंय."

"तुम्ही लपवलंय."

"लपवायला जागा कुठं आहे?" ते म्हणाले, आणि मग हळूच, "कासुर्डे, माझी मऊ खुर्ची जाळात गेली. मी हलवली नाही. खोलीच पुढं सरकतेय. काल घड्याळ गेलं. फोटो हातात धरून झोपलो."

"तुम्हीही बघत बसता ना? जाळात?"

त्यांनी दाढी खाजवली.

"काय दिसतं?"

"ती पाठमोरी बसलेली असते," राजपुरे म्हणाले. "तुमच्याकडं तोंड करून."

"माझ्याकडं पाठ असते!"

"खोटं."

"देवाशपथ."

आम्ही दोघांनी सादिकचा चहा घेतला आणि एकमेकांच्या कपाकडं बघत प्यालो, कुणाचा भरून आहे म्हणून. तेव्हापासून ते त्यांच्या पायरीवर बसतात, मी माझ्या. मध्ये सादिकची गाडी. एक उठला की दुसरा उठतो. आत गेला तर बघून येईल, ही भीती. तरी दोघंही आत जाऊन बघतोच. कोण थांबेल? बघितलं की ती तिथं असते, आणि बघितलं की खोली आखडते. परवा मला दोन भिंतींच्या मध्ये आडवं झोपता येईना, मी बसून झोपलो. काल उभा झोपलो, पाठ पुढच्या दाराला आणि छाती मिरच्यांना लागलेली. आज सकाळी पोट आत ओढून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. कडीचा आवाज झाला, आणि त्यानंतर आतून दुसरा एक आवाज झाला, कपाटाचे दोन दरवाजे नीट बसल्यावर होतो तसा.

हे सगळं सांगून झालं तेव्हा ऊन पायरीवरून उतरलं होतं. सादिकनं गाडीवरचं फडकं पिळलं. पलीकडं राजपुरे आपल्या पायरीवर बसून ऐकत होते, ऐकत नसल्यासारखं तोंड करून.

"बिचारे तात्या," सादिक म्हणाला. "म्हणजे काकी गेली."

त्या 'गेली'नं माझं डोकं सणकलं. राजपुरे ऐकत असताना कुणी असं बोलतं?

"गेली काय म्हणतोस?" मी आवाज चढवला, गल्ली ओलांडेल इतका. "शेवट अजून सांगितलाच नाही. आली ती. आज सकाळीच आली. सगळं विणकाम गुंडाळून आली. म्हणाली, फिरले सगळीकडं, पण तुमच्यासारखा माणूस नाही. राजपुरे काय, म्हणाली, राजपुऱ्यांचं सगळं दुसऱ्याचं. बंगला पारशिणीचा, गोष्ट तुमची. आत्ता आत भाकरी करतेय. मी बाहेर बसलोय तो उन्हासाठी. खोली काय, ती आल्याबरोबर होती तेवढी झाली. दिवाण आला, कपाट आलं. चार माणसं जेवायला बसतील."

राजपुरे उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला की मी आणखी बोललो.

"आणि म्हणाली, आता ते मागचं दार बंद करा. मला कुठं जायचं नाही."

"खोटं!" हौसा म्हणाली.

सादिकचा हात किटलीवर तसाच राहिला. आवाज माझ्या पाठीमागून आला होता, माझ्या दाराच्या फळ्यांतून. राजपुरेही आपल्या दाराकडं वळले होते. त्यांनाही तो पाठीमागूनच आला होता.

"मी अजून निघालेच नाही," ती म्हणाली.

"कुणाकडं, वहिनी?" राजपुऱ्यांनी दाराला तोंड लावून विचारलं.

मीही तेच विचारणार होतो. मी दोन्ही तळहात दाराला टेकवले. लाकूड गरम होतं. पलीकडं राजपुरे खांदा लावून ढकलत होते, मी इकडं ढकलत होतो. आमची दोघांचीही दारं आत उघडतात, पण आत दार उघडायला जागा उरली नव्हती.